चंद्र एकच, पण गोव्याला दोन मीटर आणि भावनगरला दहा

कोचीच्या बंदरात उधाणाच्या दिवशीसुद्धा भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक जेमतेम मीटरभर असतो. आपल्या गोव्यातल्या मुरगाव बंदरात तो दोन मीटरच्या आसपास जातो. मुंबईत साडेचार-पाच मीटर, आणि खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरांच्याही वर. चारही बंदरं एकाच किनाऱ्यावरची, एकाच अरबी समुद्राला लागलेली. वर चंद्रही तोच. 'भरती-ओहोटी चंद्राच्या आकर्षणामुळे होते' हे वाक्य आपण शाळेत घोकलेलं असतं, पण तेवढ्यावर थांबलं तर हा फरक काही उलगडत नाही. चंद्राची भावनगरवर जास्त माया आहे असं तर म्हणता येत नाही.

पुस्तकातलं ते चित्र आठवा. मधे पृथ्वी, भोवती अंडाकृती पाणी, एक फुगवटा चंद्राकडे आणि दुसरा बरोबर उलट्या बाजूला. पहिला फुगवटा सगळ्यांना पटतो. दुसऱ्यापाशी पोरं हात वर करतात आणि बाई पुढच्या धड्याकडे वळतात. खरं तर त्यात अवघड काही नाही. चंद्र आपल्याला किती जोरात ओढतो याच्याशी भरतीचा संबंध नाही. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांना तो किती कमी-अधिक ओढतो याच्याशी आहे. चंद्र आपल्यापासून साधारण ३,८४,००० किलोमीटर दूर. पृथ्वीची चंद्राकडची बाजू तिच्या केंद्रापेक्षा ६,४०० किलोमीटरने चंद्राला जवळ, म्हणून तिथलं पाणी केंद्रापेक्षा थोडं जास्त ओढलं जातं आणि पुढे सरतं. पलीकडची बाजू तेवढीच लांब, म्हणून तिथल्या पाण्यापेक्षा पृथ्वीचं केंद्रच जास्त ओढलं जातं आणि पाणी मागे राहतं. मागे राहिलेलं पाणी म्हणजे दुसरा फुगवटा.

हा सगळा फरकाचा मामला असल्यामुळे अंतराला फार किंमत येते. नुसतं आकर्षण अंतराच्या वर्गाने घटतं, भरती घडवणारा हा फरक घनाने घटतो. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट आहे, पण तो चंद्रापेक्षा साधारण ३९० पट लांब आहे. ३९० चा घन जवळपास ५.९ कोटी. २.७ भागिले ५.९ केलं की ०.४६ येतात. म्हणजे भरतीच्या कामात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही किंचित कमी. एवढा अवाढव्य सूर्य इथे दुय्यम का ठरतो, ते या एका भागाकारात दिसतं.

आता हा जोर किती? पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका. चंद्र डोक्यावर आला की ७० किलोच्या माणसाचं वजन या हिशोबाने सात-आठ मिलिग्रॅमने कमी होतं. एवढ्याशा जोराने समुद्र वर उचलला जाईल, ही कल्पनाच सोडून द्यावी. चंद्राच्या ओढीचा जो भाग पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर असतो तोच कामाचा. त्याला विरोध करणारं काही नसतं, म्हणून तो हजारो किलोमीटरच्या पट्ट्यातलं पाणी हळूहळू एका बाजूला सरकवतो. पृथ्वीवर सगळीकडे खोल समुद्रच असता, जमीन नसती आणि पाण्याला सरकायला हवा तेवढा वेळ मिळाला असता, तर चंद्रामुळे होणारी भरती-ओहोटी अर्ध्या मीटरच्या आसपास भरली असती. मुरगावचे दोन मीटर त्यातून निघत नाहीत, भावनगरचे दहा तर नाहीतच.

अडचण अशी की पाण्याला तेवढा वेळ कधीच मिळत नाही. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा फुगवट्याला चंद्राखाली टिकून राहायचं तर पाण्यावरून त्याच वेगाने धावावं लागेल. एवढ्या लांब लाटेचा वेग मात्र पाण्याच्या खोलीवर ठरतो: खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. महासागर सरासरी चार किलोमीटर खोल धरला तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटर. लाट चंद्राला गाठूच शकत नाही. शिवाय वाटेत आफ्रिका येते, भारत येतो. न्यूटनने १६८७ मध्ये भरतीमागचा जोर सांगितला. पण हा प्रश्न वाहत्या पाण्याचा आहे आणि फुगवट्याचं चित्र पुरेसं नाही, हे गणिताने मांडलं ते फ्रेंच गणिती लाप्लासने, १७७० च्या दशकात. आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत लाप्लास अजून पोचलेला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते पाण्याने भरलेली परात दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरातून चालत गेलात तर कळेल. पाणी परातीत हेलकावे खातं, आणि त्या हेलकाव्याची स्वतःची एक लय असते. ती परातीच्या रुंदीवर आणि पाण्याच्या खोलीवर अवलंबून. तुमची पावलं त्या लयीच्या जवळ आली की चार पावलांत पाणी काठाबाहेर सांडतं. लय जुळली नाही तर तेवढ्याच जोरात चालूनही नुसतं डुचमळतं. समुद्रही असाच हेलकावतो. पावलं टाकतो चंद्र, दर १२ तास २५ मिनिटांनी एक. किती सांडायचं ते त्या त्या ठिकाणच्या समुद्राच्या आकारावर ठरतं.

आता भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा नकाशा समोर घ्या, पण किनाऱ्याची रेघ नको, समुद्राच्या तळाचा उतार पाहा. किनाऱ्यापासून आत गेलं की आधी उथळ पठार लागतं, मग तळ एकदम खोल उतरतो. या उथळ पठाराला भूखंडमंच म्हणतात. केरळपाशी तो अरुंद आहे, गोव्यासमोर त्याहून रुंद, आणि मुंबईसमोर त्याची रुंदी तीनशे किलोमीटरच्या घरात जाते. मुंबई हाय या तेलक्षेत्राचे फलाट किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत समुद्रात उभे आहेत, तरी तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. तेवढ्या खोलीत भरतीची लाट सेकंदाला २७ मीटर वेगाने चालते. १२ तास २५ मिनिटांत ती सुमारे १,२०० किलोमीटर कापेल; म्हणजे एका पूर्ण लाटेची लांबी १,२०० किलोमीटर. एका बाजूला किनारा आणि दुसऱ्या बाजूला खोल समुद्र अशा पठारावर पाणी सगळ्यात जोरात हेलकावतं ते त्याची रुंदी लाटेच्या पाव लांबीएवढी असताना. १,२०० चा पाव भाग ३००. मुंबईसमोरचा मंच नेमका त्याच मापाचा. परातीची आणि पावलांची लय जुळली!

गोव्यासमोरचा मंच त्या मापाला पुरत नाही, म्हणून आपली भरती मध्यम. कोचीची त्याहून कमी. भावनगरला रुंद मंचाच्या जोडीला खंभातचं आखात आहे. ते आत आत चिंचोळं होत जातं, आणि एवढं पाणी एवढ्याशा जागेत शिरलं की वर चढण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

वेळेचं गणित वेगळं, आणि मला ते जास्त आवडतं, कारण त्यात आपलं पंचांग येतं. कोकणातल्या नाखव्यांचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. द्वितीयेला बे पाऊणे दीड, दीड वाजता. चतुर्थीला चार पाऊणे तीन, तीन वाजता. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसातली दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी.

हे का जमतं? तिथी म्हणजे आकाशात चंद्र आणि सूर्य यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढायला लागणारा काळ. आपलं घड्याळ सूर्यावर चालतं, भरती मुख्यतः चंद्रावर. सूर्याच्या संदर्भात चंद्र १२ अंश पुढे सरकला की आपला किनारा त्याच्यासमोर परत यायला पृथ्वीला १२ अंश जास्त फिरावं लागतं. २४ तासांत ३६० अंश, तर १२ अंशांना ४८ मिनिटं. दर तिथीला भरती ४८ मिनिटांनी पुढे ढकलली जाते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तोंडी हिशोबासाठी केलेली ही सूट आहे. जुन्या मापात बोलायचं तर ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका, त्यात सूट द्यायचीही गरज नाही. पक्षाच्या पंधरा तिथींत भरती पंधरा वेळा ४८ मिनिटं, म्हणजे बरोबर १२ तास सरकते आणि घड्याळावर पुन्हा तिथेच येते. म्हणून दोन्ही पक्षांना एकच सूत्र चालतं. घड्याळी दिवसाच्या हिशोबाने रोजचा उशीर सरासरी ५० मिनिटांचा, कारण तिथी दिवसापेक्षा जराशी लहान असते.

हे सूत्र मुंबईच्या आसपास चांगलं बसतं, कारण तिथे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. त्यावरून कुणी म्हणेल की पाहा, चंद्र डोक्यावर आणि भरती पायाशी, पुस्तकातलं चित्र बरोबरच आहे. हा निव्वळ योगायोग. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गोव्यात ती मुंबईच्या पाऊण-एक तास आधी पोचते आणि भावनगरला मुंबईनंतर कित्येक तासांनी. तिन्ही ठिकाणी चंद्र मात्र जवळपास एकाच वेळी माथ्यावर असतो. तेव्हा पणजीत बसून पाऊणपट करणाऱ्याने उत्तरातून थोडं वजा करावं.

रोजचा उशीरही दर दिवशी सारखा नसतो. सूर्याची स्वतःची छोटी भरती असते, नेमकी दर बारा तासांनी येणारी. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्राची आणि सूर्याची भरती एकावर एक येते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास एकाची भरती तेव्हा दुसऱ्याची ओहोटी, म्हणून पाणी चढतही नाही आणि उतरतही नाही धड. ती भांगाची भरती. उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर पस्तीस-चाळीस मिनिटांवर येतो, भांगात तासाहून पुढे जातो. पाऊणपटीचा हिशोब अष्टमी-नवमीला चुकतो तो यामुळे. आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको: सगळ्यात मोठं उधाण ऐन पौर्णिमेला येत नाही, एक-दोन दिवस मागाहून येतं. एवढा मोठा समुद्र हलवायचा तर वेळ लागणारच.

गोव्यात आणखी एक भानगड आहे. दिवसाच्या दोन भरत्या आपल्याकडे सहसा सारख्या नसतात. सकाळची हातभर जास्त, रात्रीची कमी, किंवा उलट. ओहोट्यांतला फरक तर कधी कधी त्याहूनही मोठा. चंद्र काही विषुववृत्तावरच फिरत नाही. महिन्याभरात तो एकदा उत्तरेकडे आणि एकदा दक्षिणेकडे झुकतो, काही वर्षी साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत. तो उत्तरेला असतो तेव्हा आपल्यासारख्या उत्तरेकडच्या जागेला दिवसातून एकदा त्याची ओढ जवळजवळ समोरून लागते आणि साडेबारा तासांनी दुसऱ्या वेळी तिरकी, कमी जोराची. म्हणून दिवसातून दोनदा येणाऱ्या लयीवर दिवसातून एकदा येणारी लय चढते.

अशा लयी किती? मुख्य चार-पाच. शास्त्रज्ञांनी त्यांना नावं दिली आहेत ती अगदी कोरडी. एम-२ ही चंद्राची, १२ तास २५ मिनिटांची. मुरगावला एकटी तीच पाणी सरासरीच्या सुमारे अर्धा मीटर वर आणि तेवढंच खाली नेते. एस-२ सूर्याची, बरोबर १२ तासांची. के-१ आणि ओ-१ या दिवसातून एकदा येणाऱ्या, २३ तास ५६ मिनिटांची आणि २५ तास ४९ मिनिटांची. त्यांतली के-१ आपल्याकडे एम-२ च्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो आणि लांब जातो, त्यासाठी एन-२, १२ तास ३९ मिनिटांची. प्रत्येक लय स्वतःपुरती घड्याळासारखी चोख. समुद्राची पातळी म्हणजे या सगळ्यांची बेरीज, आणि पाचसहा चोख लयींची बेरीज वेडीवाकडी दिसते. इथे एक सोय होते. लयींच्या वेळा आकाशातून मिळतात, त्या सगळ्या जगाला सारख्या. मुरगावला कुठली लय किती उंच आणि किती मागेपुढे, एवढंच मोजावं लागतं. आणि ते एकदा वर्षभर पाणी मोजून काढलं की पुढच्या कित्येक वर्षांची भरती कागदावर मांडता येते. पठार असं का, आखात तसं का, यातलं काहीच ठाऊक नसलं तरी चालतं. मोजमापात ते सगळं आलेलंच असतं.

संगणक नव्हते तेव्हा ही बेरीज एक यंत्र करत असे. १८७२ मध्ये विल्यम थॉमसनने, पुढे ज्यांना लॉर्ड केल्विन म्हणू लागले त्यांनी, ते पितळी यंत्र आखलं. प्रत्येक लयीसाठी एक कप्पी. दातेरी चाकांच्या जोडण्यांनी ती कप्पी त्या लयीच्या वेगाने वरखाली होते; एम-२ ची सगळ्यात जास्त, ओ-१ ची थोडी. सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी ओवलेली. तिचं एक टोक बांधलेलं, दुसऱ्या टोकाला लेखणी. कप्प्या आपापल्या चालीने हलल्या की दोरीचं मोकळं टोक त्या सगळ्यांच्या हालचालींची बेरीज करून वरखाली होतं आणि फिरत्या कागदावर भरती-ओहोटीची रेघ उमटते. हँडल फिरवत बसलं की वर्षाचा आलेख काही तासांत हातात. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असं एक खास यंत्र १८७९ मध्ये इंग्लंडात तयार झालं. आज हे काम भारतीय सर्वेक्षण विभाग करतो, आणि त्याचं भरतीचं कार्यालय आहे डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी. समुद्र न पाहता समुद्राचं वेळापत्रक काढता येतं, याला आणखी पुरावा कशाला?

आता किनारा सोडून नदीत शिरू. आपल्याला वाटतं भरती मांडवीच्या मुखाशी जोरात असेल आणि आत जाता जाता विरत जाईल. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे आपल्या दोनापावलाच्या एनआयओच्या, शास्त्रज्ञांनी २००३ च्या मार्च-एप्रिलमध्ये मांडवी आणि जुवारीत मिळून १३ ठिकाणी आकड्यांचे खांब रोवून महिनाभर पाण्याची पातळी मोजली. मुखापासून ४५ किलोमीटर आत भरती-ओहोटीतला फरक मुखापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाला. कारण दोन ओढी एकमेकींविरुद्ध चालतात. नदी आत चिंचोळी आणि उथळ होत जाते, त्यामुळे लाट दाबली जाऊन उंच होते. तळाशी आणि काठाशी होणारं घर्षण तिला खात राहतं. आपल्या दोन्ही नद्यांत या दोन्ही गोष्टी जवळजवळ तोडीस तोड आहेत आणि चिंचोळेपणाचं पारडं किंचित जड आहे. पुढे घाटाच्या पायथ्याशी, मांडवीत गांजेकडे आणि जुवारीत सांगेकडे, नदीचा तळच वर चढतो आणि भरती थोड्या अंतरात संपते. वेळेचा हिशोबही करून पाहा: पाच मीटर खोल पाण्यात लाट ताशी २५ किलोमीटर जाते, म्हणजे ४५ किलोमीटरला पावणेदोन तास. पणजीत पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा वरच्या गावांत अजून चढत असतं.

ही गोष्ट गोव्याच्या जमिनीवर लिहिलेली आहे. एवढ्या आतपर्यंत खारं पाणी दिवसातून दोनदा काठ चढणार असेल तर नदीकाठच्या सखल जमिनीत भात पिकायचं कसं? त्याचं उत्तर म्हणजे खाजन. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर जमीन अशी आहे, भरतीच्या पातळीच्या खाली आणि ओहोटीच्या पातळीच्या वर. माती आणि चिऱ्यांचे बांध घालून ती नदीपासून तोडलेली, आत पाण्यासाठी पोंय, म्हणजे तळं, आणि बांधात एका जागी मानस, म्हणजे झडपांचं दार.

मानशीचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. चिऱ्यांच्या दोन भिंतींमध्ये लाकडी चौकट, चौकटीला नदीच्या बाजूने लाकडी झडपा. ओहोटीला नदीचं पाणी आतल्यापेक्षा खाली जातं, आतलं पाणी झडपा बाहेर ढकलतं आणि वाहून जातं. झडपेच्या कडांनी पाण्याचे फवारे उडतात, बाहेरच्या गढूळ पाण्यात फेसाचा पट्टा लांबत जातो. भरती लागली की हा प्रवाह मंदावतो, थोडा वेळ थबकतो, झडपा सैल हलतात. मग बाहेरचं पाणी बोटभर वर येतं आणि झडपा चौकटीवर दाबून बसतात. कोणी बटण दाबत नाही, रात्री उठून येत नाही.

यात किती जोर असतो? मीटरभर रुंदीची झडप घ्या. आत उंबऱ्यापासून एक मीटर पाणी, बाहेर एक मीटर पाच सेंटीमीटर. पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: आतून ५०० किलोवजनाएवढा, बाहेरून ५५१. पाच सेंटीमीटर फरकाला पन्नास किलोचा रेटा, जड ओली झडप मिटायला तेवढा पुष्कळ झाला. बाहेर दीड मीटर चढलं की हाच फरक सव्वासहाशे किलोवर जातो. बाहेरचं पाणी जितकं जास्त चढेल तितकी झडप जास्त घट्ट. ज्या पाण्याला अडवायचं, तेच दार लावून धरतं. मला विचाराल तर गोव्यातलं सगळ्यात देखणं यंत्र हे आहे, आणि पर्यटकांच्या एकाही पत्रकात त्याचा फोटो नसतो.

उधाण आणि भांग यांचा फरक मानशीवर लगेच कळतो. उधाणात ओहोटी खोल जाते, झडपा जास्त वेळ उघड्या राहतात, शेतातलं पाणी चांगलं निचरतं. पण त्याच दिवसांत भरती बांधाच्या माथ्यापर्यंत येते आणि खेकड्याने पाडलेलं एखादं भोकही महागात पडू शकतं. भांगात बांधाला आराम, पण ओहोटी अर्धवट राहते आणि निचऱ्याला वेळ कमी मिळतो. जोराचा पाऊस भांगात पडला तर कोरगुटासारखं खाऱ्या जमिनीचं भातही पाण्याखाली दिवस काढतं. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळी लावून मासळी धरतात. त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि पैसा चांगला येतो. मासळीच्या पैशापायी झडपा मुद्दाम उघड्या टाकून खारं पाणी आत घेणारेही आहेत. मग तिथे शेत राहत नाही, तळं होतं.

वेळापत्रकात हवामान नसतं, हे शेवटी सांगायला हवं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटीमीटर वर येतो. वीस हेक्टोपास्कलचा कमी दाबाचा पट्टा म्हणजे वीतभर जादा पाणी, वाऱ्याने रेटलेलं वेगळंच. पणजीत मळा नावाच्या वस्तीसारख्या सखल भागात पाणी तुंबतं ते बहुतेकदा जोराचा पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की. गटारं ओहोळात आणि ओहोळ मांडवीत जातो, आणि मांडवीच वर असेल तर पावसाचं पाणी जाणार कुठे. पंप लावले तरी ओहोटी लागेपर्यंत कळ काढावी लागतेच.

ऋतूचीही एक गंमत आहे, ऐकणाऱ्याला उलटी वाटणारी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून तो चढलेलाही असेल असं वाटतं. पश्चिम किनाऱ्यावर त्याची सरासरी पातळी पावसाळ्याच्या अखेरीस उलट सगळ्यात खाली असते आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वर येते, वीतभर तरी. वारे आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह ऋतूप्रमाणे दिशा बदलतात, त्याचा हा परिणाम. वर्षाची ही लयही वेळापत्रकाच्या बेरजेत घातलेली असते.

वेळापत्रकातला शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. तो शून्य जवळजवळ नीचतम ओहोटीपाशी धरतात, म्हणजे जहाजवाल्याला नकाशातल्या खोलीत तो आकडा मिळवला की पुरे. म्हणून मुरगावच्या तक्त्यात भरतीला दोन-सव्वादोन आणि ओहोटीला शून्याच्या आसपासचे आकडे दिसतात, उणे क्वचित. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला जाणाऱ्यांनी पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत त्या दोन ओहोट्यांपैकी लहान आकडा असलेली पाहावी. दुसऱ्या ओहोटीला तीच वाळू गुडघाभर पाण्याखाली असू शकते.